बर्फावर गॉगल घालूनही दिसत नाही? लेन्स कुठे चुकते आणि कशी निवडायची

डिसेंबर ते मार्चमध्ये छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणी, लातूरकडून गुलमर्ग, औली किंवा सोलंगला स्की शिकायला जाणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. सकाळी ऊन होतं तोवर सगळं छान दिसत होतं. दुपारी आभाळ आलं आणि समोरचा उतार कळेनासा झाला. खळगा कुठे, उंचवटा कुठे, पत्ता लागत नाही. पाय खाली गेल्यावरच समजतं की तिथे खड्डा होता. गॉगल काढला तर वाऱ्याने डोळ्यांत बर्फाचे कण जातात, घातला तर अंधार. इन्स्ट्रक्टर ओरडून सांगतो, "समोर बघा", आणि समोर बघण्यासारखं काही नसतं.

दोष बहुतेक वेळा नजरेचा नसतो, स्कीचाही नसतो. लेन्स चुकीची असते. थोड्या वेळा लेन्स बरोबर असते, पण तिच्यावर वाफ धरलेली असते. या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे आधी नक्की काय बिघडलंय ते ओळखायचं.

हात समोर धरून बघा

उताराच्या कडेला थांबा. एक हात पूर्ण लांब करून स्वतःच्या हातमोज्याकडे बघा. त्याची शिलाई, लेबल, कापडाची वीण नीट बघा.

हातमोजा धूसर दिसत असेल तर वाफ धरली आहे किंवा लेन्सवर ओरखडे आहेत. हातमोजा स्पष्ट दिसतोय पण काळपट, संध्याकाळ झाल्यासारखा, तर लेन्स त्या उजेडाला फार गडद आहे. आणि हातमोजा अगदी लख्ख दिसतोय, शिलाईसुद्धा मोजता येते, पण पलीकडचा बर्फ मात्र सपाट पांढरा, तर अडचण उजेडाची आहे. स्की करणारे याला फ्लॅट लाइट म्हणतात. योग्य लेन्सने ती काही प्रमाणात कमी होते, पूर्ण जात नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण "फ्लॅट लाइटमध्ये सगळं दिसेल" अशा जाहिरातीला भुलून महागडी लेन्स घेतली जाते आणि नंतर ती खराब निघाली असं वाटतं.

आपण गडद काच का घेतो

आपल्याकडे उजेड म्हणजे वरून येणारं ऊन. ते कपाळावरच्या टोपीने किंवा डोक्याला गुंडाळलेल्या उपरण्याने बरंच अडतं. खालची काळी माती उजेड गिळते. माती आणि गवत अतिनील किरणांचा दहावा हिस्सासुद्धा परत फेकत नाही. कोरडी वाळू साधारण १५ टक्के परत फेकते. ताजा बर्फ मात्र ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणजे बर्फावर ऊन वरूनही येतं आणि पायाखालूनही. टोपीची झापड तिथे अर्धंच काम करते. त्यात उंचीची भर. दर १००० मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर आहे, गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर, आणि गंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा जिथे सोडतो ते अफरवटचं ठिकाण ३९५० मीटरच्या आसपास.

हे कुणी सांगितलं की माणूस दुकानात जाऊन सर्वांत काळी, आरसा मारलेली काच उचलतो. निरभ्र दिवशी ती बरोबरच असते. पण जानेवारी-फेब्रुवारीत हिमालयात ढग येणं, बर्फ पडणं हे रोजचंच. त्याच महिन्यांत चांगला बर्फ मिळतो म्हणून तर अभ्यासक्रम भरतात. त्या उजेडात काळी काच घातली की डोळ्याची बाहुली मोठी होते, बारीक तपशील पुसट होतात आणि अंतराचा अंदाज चुकतो.

बर्फावर डोळ्यांना दोन वेगळे त्रास असतात. एक चकाकीचा, दुसरा सावली नसण्याचा. पहिल्याला कमी उजेड आत सोडणारी काच लागते, दुसऱ्याला जास्त उजेड सोडणारी. एकच काच दोन्हीकडे पूर्ण पुरी पडत नाही. "चांगला गॉगल कोणता?" या प्रश्नाला म्हणूनच एका नावाचं उत्तर नाही. "कोणत्या उजेडासाठी?" हे आधी ठरवावं लागतं.

आधी आकडा, मग रंग, आरसा सर्वांत शेवटी

गॉगलच्या खोक्यावर, पट्ट्याला लावलेल्या चिठ्ठीवर किंवा लेन्सच्या कडेला बारीक अक्षरांत एक आकडा असतो: व्हीएलटी. म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या उजेडापैकी किती टक्के उजेड लेन्समधून आत येतो ते प्रमाण. कधी टक्क्यांऐवजी एस अक्षर आणि ० ते ४ असा दर्जा लिहिलेला असतो. त्यांचा मेळ असा:

एस-० : ८० ते १०० टक्के. रात्रीच्या दिव्यांखाली किंवा अगदी अंधाऱ्या हिमवर्षावात.
एस-१ : ४३ ते ८० टक्के. दाट ढग, बर्फ पडताना, फ्लॅट लाइट.
एस-२ : १८ ते ४३ टक्के. ऊन-ढग आलटून पालटून.
एस-३ : ८ ते १८ टक्के. निरभ्र ऊन.
एस-४ : ३ ते ८ टक्के. उंच हिमनदीवरचं भर ऊन.

यात घोळ एकाच ठिकाणी होतो: दर्ज्याचा आकडा वाढला की टक्के कमी होतात. एस-३ म्हणजे तीस टक्के नव्हे. "तीन नंबर दोनपेक्षा भारी" असं समजून घेतलेली काच ढगात आंधळी करते. एस-४ शिकाऊ माणसाने घेऊच नये. गुलमर्गच्या किंवा औलीच्या शिकण्याच्या उतारांवर तिची गरज पडत नाही. शिवाय एस-४ काच लावून गाडी चालवायची नसते, कारण वळणावरच्या सावलीत रस्ता दिसत नाही.

खोक्यावर ईएन १७४ किंवा नवा आयएसओ १८५२७-१ लिहिलेलं असेल तर ते स्की गॉगलचं मानक आहे आणि आकड्यावर विश्वास ठेवता येतो. व्हीएलटी नाही, दर्जा नाही, मानक नाही, नुसतं "अँटीफॉग, यूव्ही प्रोटेक्शन" एवढंच लिहिलेलं असेल तर तो गॉगल सोडा, किंमत कितीही कमी असो.

आता रंग. बाहेरून निळा, सोनेरी, लाल दिसतो तो आरसा. डोळ्याला जो रंग लागतो तो आतला. गॉगल उलटा धरा आणि आतल्या बाजूने पांढऱ्या भिंतीकडे बघा. बाहेरून निळ्या दिसणाऱ्या काचेचा आतला रंग गुलाबी, तपकिरी किंवा राखाडी, काहीही असू शकतो.

आतला राखाडी रंग सगळे रंग सारखेच मंद करतो. आपल्याकडे ज्याला काळा गॉगल म्हणतात तो बहुतेक हाच. भर उन्हात डोळ्याला आराम देतो, पण सावली आणि बर्फ यांतला फरक वाढवत नाही. पिवळा, अंबर, तांबूस आणि गुलाबी हे रंग तो फरक वाढवतात. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बर्फावरच्या सावलीत थेट ऊन पोचत नाही, आकाशाचा निळसर उजेड पोचतो. म्हणून बर्फावरची सावली मुळात निळसर असते. पिवळी किंवा तांबूस काच निळा उजेड अडवते. त्यामुळे सावली जास्त गडद दिसते आणि उन्हातला बर्फ जवळजवळ तसाच राहतो. खळगा उठून दिसतो तो यामुळे. ओकलीची प्रिझम, स्मिथची क्रोमापॉप अशा नावांच्या लेन्समध्ये काही ठरावीक रंगांचा उजेड निवडून गाळलेला असतो. तत्त्व साधारण हेच, काम जास्त नेमकं. पण त्याच नावाखाली १० टक्क्यांची काचही मिळते आणि ५० टक्क्यांचीही, म्हणून नाव ऐकून घेऊ नका, आकडा वाचून घ्या.

आरसा चकाकी आणखी थोडी बाहेर परतवतो, म्हणजे आत येणारा उजेड आणखी कमी करतो. उन्हाच्या लेन्सवर तो उपयोगी. फ्लॅट लाइटच्या लेन्सवर दाट आरसा असला तर ज्यासाठी लेन्स घेतली तेच काम बिघडतं. शिवाय आरसा लवकर ओरखडतो आणि ओरखडा नेमका नजरेच्या मधोमध आला की कमी उजेडात सतत खुपतो.

मग नक्की कोणती घ्यायची

लेन्स बदलता येणारा गॉगल आणि दोन लेन्स, ही सर्वांत बिनचूक व्यवस्था. एक १० ते १५ टक्क्यांची, आतून राखाडी किंवा तपकिरी. दुसरी ५० ते ६० टक्क्यांची, आतून गुलाबी किंवा पिवळसर. चुंबकाने बसणारी लेन्स थंडीत हातमोजे घालूनही बदलता येते. खाचेत दाबून बसवायची लेन्स उणे तापमानात कडक होते, बोटं बधिर झालेली असतात, आणि घाईत फ्रेमची खुंटी तुटते. तसा गॉगल असेल तर लेन्स सकाळी खोलीतच बदलून निघा.

एकच लेन्स परवडत असेल तर ती उन्हासाठी घेऊ नका. २५ ते ३५ टक्क्यांची, आतून गुलाबी किंवा अंबर अशी घ्या. भर दुपारी डोळे थोडे किलकिले होतील, पण ढग आले तरी उतार ओळखता येईल. चकाकीचा त्रास झाला तर सावलीत थांबता येतं. न दिसणाऱ्या उतारावर मात्र माणूस पडतो. पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणखी थोडी उजळ काच घ्यावी. वयाबरोबर डोळ्याच्या आतलं भिंग पिवळट होतं आणि बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, त्यामुळे त्याच ढगाळ उजेडात तरुणाला दिसतं ते वडीलधाऱ्यांना दिसत नाही.

जागेप्रमाणेही हिशोब बदलतो. गुलमर्गचे शिकण्याचे उतार खाली मैदानाच्या आसपास आहेत, भोवती उंच झाडं आहेत. झाडांच्या गडद खोडांमुळे ढगातही उताराचा अंदाज लागतो. गंडोलाने कोंगदूरीच्या, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या, वर अफरवटला गेलं की झाडं संपतात आणि नजरेला धरायला काही उरत नाही. तिथे ढग उतरला तर ५० टक्क्यांची लेन्ससुद्धा फार काही करू शकत नाही. औलीचे उतार साधारण २५०० ते ३०५० मीटरच्या पट्ट्यात आहेत आणि बाजूने झाडी आहे, त्यामुळे तिथे मधली लेन्स बराच वेळ पुरते. ऊन उतरल्यावर मात्र उतारावर लवकर सावली येते. दुपारच्या सत्राला जाताना उजळ लेन्स खिशात असू द्या.

मार्चमध्ये जाणाऱ्यांनी उलटा विचार करावा. ऊन चढं असतं, बर्फ दुपारी वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो, गोठलेला पृष्ठभाग आरशासारखा चमकतो. तेव्हा एस-३ मुख्य आणि उजळ लेन्स जोडीला.

पोलराइज्ड लेन्सबद्दल बरेच जण विचारतात. ती सपाट पृष्ठभागावरून येणारी चकाकी कापते, डोळ्याला फार शांत वाटते. पण कडक बर्फाची लादी ओळखू येते ती बऱ्याचदा चकाकीमुळेच. चकाकीच गेली तर लादी आणि मऊ बर्फ सारखेच दिसतात. शिकाऊ माणसाला ती खूण हवी असते. शिवाय काही मोबाइलचे पडदे त्या काचेतून तिरपे धरले की काळे दिसतात. त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत असं आमचं मत आहे.

फोटोक्रोमिक, म्हणजे उन्हात आपोआप गडद होणारी लेन्स, सोयीची आहे. तिची एक खोड मात्र लक्षात ठेवा. थंडीत ती जास्त गडद होते आणि परत उजळ व्हायला वेळ घेते. उन्हातून एकदम झाडांच्या सावलीत शिरलात तर पहिली काही मिनिटं अंधारी वाटेल. सावलीत शिरण्याआधी वेग कमी करायचा.

लेन्स बरोबर आहे, तरी काही दिसत नाही

हातमोजा लख्ख, बर्फ सपाट, आणि उजळ लेन्सही लावलेली. आता इथून पुढे लेन्सचं काम संपलं. ढग उजेड चारी दिशांना विखुरतो, बर्फ तोच उजेड खालून परत फेकतो, त्यामुळे सावलीच तयार होत नाही. जी सावली पडलेलीच नाही ती कोणतीही काच दाखवू शकत नाही.

अशा वेळी उताराच्या मध्यावरून कडेला या, झाडं, खांब, जाळी किंवा दोर यांच्या जवळ. त्यांच्या रेषेवरून चढ-उतार कळतो. इन्स्ट्रक्टरच्या मागे अंतर ठेवून त्याच्याच खुणेवरून जा. त्याच्या गुडघ्यांची हालचाल बघितली की पुढे खळगा आहे की उंचवटा ते समजतं. नजर स्कीच्या टोकावर खिळवू नका, दहा-पंधरा मीटर पुढे ठेवा. गुडघे नेहमीपेक्षा जास्त वाकवा, वेग अर्ध्यावर आणा. थांबलोय की घसरतोय हेच कळेनासं झालं, मळमळायला लागलं, तर काठी बर्फात रोवून उभे राहा आणि एखादा बर्फाचा गोळा पुढे टाकून बघा. तो कुठवर जातो त्यावरून उतार कळतो. हा व्हाइटआउट. यात पुढे जायचं नसतं. सोबत्यांना हाक मारून एकत्र व्हायचं आणि इन्स्ट्रक्टर सांगेल तसं खाली यायचं.

वाफ धरते, पुसली तरी पुन्हा धरते

आपल्याकडच्या मंडळींत ही तक्रार सर्वांत जास्त असते आणि तिची मुळं बहुतेक सवयींत असतात.

सुरुवातीच्या अभ्यासक्रमात लिफ्ट कमी आणि चालणं जास्त. स्की खांद्यावर घेऊन किंवा पायात घालून साइड स्टेपिंग करत, म्हणजे उताराला आडवं उभं राहून एकेक पाऊल बाजूला टाकत, वर चढायचं, दहा-पंधरा सेकंद घसरायचं, पुन्हा चढायचं. चढताना घाम येतो, चेहऱ्याभोवती गरम ओलसर हवा साठते, आणि ती थंड काचेला लागली की थेंब धरतात. घसरताना वारा छिद्रांतून आत जातो, तेव्हा वाफ जाते. म्हणून तक्रार जवळजवळ नेहमी चढताना किंवा रांगेत उभं असताना होते. उपाय: चढताना गॉगल काढा, पण कपाळावर सरकवू नका. घामेजलेलं कपाळ म्हणजे वाफेचं उगमस्थान, आणि स्पंज एकदा ओला झाला की दिवसभर त्रास देतो. गॉगल दंडाला अडकवा किंवा जाकिटाच्या बाहेरच्या खिशात कापडी पिशवीत ठेवा. चढतानाही डोळे संरक्षणाशिवाय ठेवायचे नाहीत. त्यासाठी बाजूने झाकणारा साधा एस-३ चष्मा जवळ असू द्या. वर पोचल्यावर मिनिटभर श्वास शांत होऊ द्या आणि मग गॉगल लावा.

दुसरं कारण माकडटोपी आणि मफलर. माकडटोपीची कड गॉगलच्या स्पंजखाली गेली की तिथे फट पडते आणि नाका-तोंडाची वाफ सरळ काचेवर चढते. नाकावरून ओढलेला मफलरही तेच करतो, श्वास वरच्या बाजूला ढकलतो. कड नाकाच्या खाली ठेवा, स्पंज थेट कातडीला टेकला पाहिजे. गॉगलची वरची आणि खालची छिद्रं बोटाने चाचपून बघा. वरची हेल्मेटच्या कडेने दबली असतील तर हेल्मेट आणि गॉगल यांची जोडी चुकली आहे. दोन्ही एकत्र घालूनच निवडायचे. मध्ये कपाळाची पट्टी उघडी राहणं हे दुसरं टोक, तिथून गार वारा आत जातो आणि डोळ्यांतून पाणी येतं.

तिसरं कारण पुसणं. आतल्या काचेवर वाफरोधक लेप असतो. तो पाणी शोषून पातळ थरात पसरवतो, थेंब होऊ देत नाही. ओला असताना हा लेप मऊ असतो. रुमालाने, उपरण्याने, जाकिटाच्या बाहीने घासला की निघून जातो, आणि तेवढ्या जागी कायमची वाफ धरते. साबण, टूथपेस्ट, थुंकी, काही लावू नका. बर्फ आत गेला असेल तर गॉगल झटका, मायक्रोफायबरच्या कापडाने टिपा, घासू नका, आणि खोलीत उघडा सुकू द्या. काश्मीरमध्ये खोलीत बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी, असते आणि ओले मोजे तिच्याभोवती वाळत असतातच, पण गॉगल तिथे टांगायचा नाही. उष्णतेने स्पंजाचा गोंद सुटतो आणि दोन काचा जोडणारी पट्टी उकलते.

त्या दोन काचा का असतात हेही समजून घ्या. मधली हवा थंडी अडवते, आतली काच तितकी गार पडत नाही, म्हणून वाफ उशिरा धरते. एका काचेचा धुळीचा गॉगल, मोटारसायकलचा किंवा फवारणीचा गॉगल बर्फावर चालत नाही, तो याचमुळे. वाफ बोटाला न लागता दोन काचांच्या मध्ये दिसत असेल तर ओल आत शिरली आहे. लेन्स सुकी पिशवी आणि सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर रात्रभर डब्यात ठेवून बघा. पुन्हा पुन्हा होत असेल तर जोडपट्टी गेली आहे, लेन्स बदलावी लागते. काही लेन्सला कडेला बारीक छिद्र आणि त्यावर जाळीदार गोल तुकडा असतो. तो घाण समजून चिकटपट्टीने बंद करू नका. संभाजीनगरच्या तुलनेत अफरवटवर हवेचा दाब सुमारे एक तृतीयांशाने कमी असतो. काचांमधली हवा तिथे फुगू पाहते, आणि त्या छिद्रातून तिला वाट मिळते. वाट नसेल तर काच किंचित वाकते आणि कडेची रेषा वाकडी दिसते.

चष्मा असेल तर

चष्म्यावरून बसणारा गॉगल ओटीजी नावाने मिळतो. त्याच्या बाजूला काड्यांसाठी खाच असते. घेताना स्वतःचा चष्मा घालूनच बघा. काड्या कानशिलावर दाबत असतील तर अर्ध्या तासात डोकं दुखेल. आत काचेला काच टेकता कामा नये, नाहीतर दोन्ही ओरखडतात. वाफ गॉगलऐवजी चष्म्यावर धरते, तेव्हा चष्म्याला वाफरोधक द्रव लावून निघा. चष्मा जितका लहान तितका बरा, मोठ्या फ्रेमभोवती हवा खेळत नाही. उन्हात गडद होणारा चष्मा गॉगलच्या आत गडद होत नाही, कारण बाहेरची काच अतिनील किरण अडवते. म्हणून डोळ्यापर्यंत किती उजेड जाणार ते गॉगलच्या आकड्यावरच ठरवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी जास्तीची जोडी आणि डोळ्यांचे थेंब सोबत ठेवावेत, उंचीवरची हवा फार कोरडी असते.

काळी काच म्हणजे सुरक्षित काच नव्हे

अतिनील किरण अडवणं काचेच्या काळेपणावर अवलंबून नसतं, तिच्या सामग्रीवर असतं. चांगली पॉलिकार्बोनेटची लेन्स पूर्ण पारदर्शक असली तरी हे किरण अडवते. उलट हलक्या प्लास्टिकची काळी काच धोक्याची, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. उजळ लेन्स घेतली म्हणून डोळे भाजतील ही भीती त्यामुळे निराधार आहे. लेबलवर यूव्ही ४०० बघा, म्हणजे अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवणारी लेन्स.

निघण्याआधी तपासून घेता येतं. चष्म्याच्या मोठ्या दुकानात यूव्ही मीटर असतो, तो दोन मिनिटांत सांगतो. नसेल तर नोटा तपासायच्या दिव्याखाली नोट धरा, तिच्यातले तंतू चमकतील. आता लेन्स दिवा आणि नोट यांच्या मध्ये धरा, नोट आणि डोळा यांच्या मध्ये नव्हे. चमक जवळजवळ गेली तर लेन्स किरण अडवते. थोडा जांभळा उजेड आरपार आला तर त्यावरून निकाल देऊ नका, तो दिसणारा उजेड असतो. शंका राहिली तर मीटरवरच भरवसा.

संरक्षणाशिवाय बर्फावर दिवस काढला तर हिमांधता येते. ती लगेच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. ढगाळ दिवशीही हे होतं, आणि "आज ऊन नाही" म्हणून गॉगल खिशात ठेवणाऱ्यांनाच जास्त होतं. डोळे चोळू नका, कॉन्टॅक्ट लेन्स काढा, अंधाऱ्या खोलीत ओलं गार फडकं ठेवून पडा आणि डॉक्टरांना दाखवा. साधारण एक ते तीन दिवसांत आराम पडतो. डोळा बधिर करणारे थेंब स्वतःहून वापरू नका, त्याने जखम भरायला उशीर होतो.

घरी करता येणारी परीक्षा

दुकानात दुपारच्या उजेडात लावून बघितलेली प्रत्येक काच चांगलीच वाटते. खरी परीक्षा सूर्य मावळल्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत होते. गच्चीवर पांढरी चादर अंथरा, तिच्याखाली दोन-तीन ठिकाणी उशी, वही, गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि आठ-दहा पावलांवरून बघा. ज्या लेन्समधून उंचवटे लवकर ओळखू येतात ती ढगाळ दिवसाची लेन्स. काळ्या काचेतून चादर नुसती राखाडी दिसेल. हे उजेडाचं गणित बर्फासारखं तंतोतंत नाही, पण दोन लेन्सची तुलना करायला पुरतं. डिसेंबरातल्या धुईच्या सकाळी शेताच्या बांधावरून किंवा मैदानात गॉगल लावून वीस मिनिटं भरभर चाललात तर वाफ कुठून चढते तेही कळेल. गॉगल लावून रस्त्यावर गाडी मात्र चालवू नका.

तिथे जाऊन भाड्याने घेणार असाल तर गॉगल उजेडासमोर तिरपा धरा, मधोमध ओरखडे असतील तर दुसरा मागा. आतल्या काचेवर हलकी फुंकर मारा. ठिपक्याठिपक्यांनी वाफ धरली तर लेप गेलेला आहे. स्पंज दाबून बघा, चुरा बोटाला लागला तर तो हवा आत येऊ देणार. पट्ट्याच्या आतल्या बाजूच्या रबरी रेषा झिजल्या असतील तर हेल्मेटवरून पट्टा घसरतो. आणि दुकानदाराला रंग विचारू नका, व्हीएलटी विचारा. त्याला सांगता आला नाही तर आतल्या बाजूने बाहेरच्या बर्फाकडे बघून स्वतः ठरवा.

सचखंड एक्सप्रेसने अमृतसरवरून पुढे जाणार असाल किंवा औलीसाठी दिल्लीवरून जोशीमठकडे, प्रवास लांबचा आहे. सुट्या लेन्स प्रत्येकी वेगळ्या मऊ पिशवीत घालून कडक डब्यात ठेवा, समोरासमोर नाही. डबा कपड्यांच्या मधोमध ठेवा. स्कीच्या बुटांच्या पिशवीत टाकला तर बुटाच्या धातूच्या बकलाने पहिल्याच बोगद्याआधी लेन्सवर रेघ ओढलेली असेल.